तूर, शाळा आणि तीन कुलपांची पेटी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)

आदरणीय सर, आदरणीय बाई, आणि १९८८ च्या दहावीच्या तुकडीतल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आफ्रिकेतील सेवाकार्य' असा विषय छापला आहे. हे शब्द जरा मोठे झाले. मी डॉक्टर नाही की शिक्षिका नाही. मिस्टरांच्या नोकरीमुळे २००४ साली मलावी देशात गेले. बी.कॉम.चा काहीतरी उपयोग व्हावा म्हणून तिथल्या एका लहानशा संस्थेचा जमाखर्च लिहायला लागले, तो अजून लिहिते आहे. तेव्हा एक हिशेब लिहिणारी बाई बोलते आहे असं समजून ऐका.

आणखी एक. या मेळाव्यासाठी आपण जो निधी जमवला, त्यातली शिल्लक माझ्या संस्थेला द्यावी असा ठराव संध्याकाळच्या बैठकीत येणार आहे, असं कानावर आलं. मला आनंद झाला, संकोचही वाटला. पण हात वर करण्याआधी त्या पैशांचं तिथे काय होतं आणि काय होत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं. दिलेली वीस मिनिटं मी त्यासाठीच वापरते.

भूगोलाचे सर आफ्रिकेचा नकाशा फळ्याच्या खिळ्याला अडकवायचे, ते आठवतंय ना? सहारा, नाईल, काँगो यांच्यावर सरांची छडी फिरायची. त्या नकाशात उजव्या बाजूला खाली एक लांबट निळी रेघ होती. ते मलावी सरोवर. लांबी सुमारे ५८० किलोमीटर. त्याच्या काठाकाठानं पसरलेला चिंचोळा देश म्हणजे मलावी. सरोवर धरूनसुद्धा आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान. समुद्र नाही. १९६४ साली इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. दहातली आठाहून अधिक माणसं खेड्यात राहतात आणि कुदळीनं शेती करतात. बैल फार थोड्यांकडे. चलनाचं नाव क्वाचा, म्हणजे पहाट, आणि त्याच्या सुट्ट्या नाण्याचं नाव तांबाला, म्हणजे कोंबडा. कोंबडा आरवला की पहाट होते, असं त्यांनी नाण्यांतच सांगून ठेवलंय.

आम्ही राहतो लिंबे गावात, ब्लँटायर शहराला लागून. मिस्टर तिथल्या एका डाळमिलमध्ये आहेत. आता तुम्ही म्हणाल, आफ्रिकेत डाळमिल कशाला? तर मंडळी, मलावीच्या दक्षिण भागात तूर पिकते. चांगली, भरपूर पिकते. त्यांच्या चिचेवा भाषेत तुरीला नांदोलो म्हणतात. ते डाळ करून वरण खात नाहीत, अख्खे दाणे शिजवून खातात. पण बरीचशी तूर विकतात आणि ती विकली जाते ती मुख्यतः आपल्याकडे. २०२१ मध्ये भारत सरकारनं मलावीशी करारच केला, की पुढची पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर खाजगी व्यापाऱ्यांमार्फत घेऊ. तुमच्या-माझ्या ताटातल्या वरणाचा एखादा घास तिकडून आलेला असू शकतो. लातूरच्या मोंढ्यात लहानपण गेलेल्या माणसाला परक्या मुलखात तुरीच्या पोत्याचा वास आला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आमची संस्था काम करते ती फालोंबे जिल्ह्यातल्या पाच खेड्यांत. मुलांजे नावाचा तीन हजार मीटर उंचीचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याचा हा भाग. लिंबेहून गाडीनं दोन-अडीच तास. संस्थेत पंधरा-वीस माणसं, त्यातले निम्मे तिथलेच निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, एक पाद्री, आणि आम्ही काही भारतीय कुटुंबं. कार्यालय नाही, पगारी नोकर नाही. एक मोटरसायकल आहे, ती जुनी झालीय.

तिथली एक पद्धत तुम्हाला गमतीची वाटेल. दक्षिण मलावीत बऱ्याच ठिकाणी जमीन आईकडून मुलीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, वा, इथे मुलींचं बरं असणार! पण शाळेचे पट पाहिले आणि कळलं की जमीन मुलीच्या नावावर असली तरी शाळेत तिचं नाव टिकेलच असं नाही.

शाळेचं तिथलं गणित असं. आठवीपर्यंत प्राथमिक, त्यानंतर चार वर्षं माध्यमिक. १९९४ मध्ये नव्या सरकारनं प्राथमिक शिक्षणाची फी माफ केली आणि एका वर्षात मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांवर गेली. शिक्षक आणि खोल्या काही एका वर्षात वाढत नाहीत. आजही पहिलीच्या एका वर्गात शंभराहून जास्त मुलं बसलेली मी पाहते. झाडाखालचे वर्गही पाहते. त्या गर्दीतून आठवीची परीक्षा पास व्हायची आणि मग माध्यमिक शाळेसाठी निवड व्हायची. माध्यमिकच्या जागा थोड्या. शिकवणीची फी अलीकडे माफ होत गेली, पण वसतिगृह, गणवेश, वह्या यांचा खर्च उरतोच. आणि शाळा लांब. मुली दहा-पंधरा किलोमीटर चालत जातात, नाहीतर शाळेजवळ तिघी-चौघी मिळून एखादी झोपडी भाड्यानं घेतात आणि आपापलं शिजवून खातात. पंधरा वर्षांच्या मुली. घरापासून दूर, दाराला धड कडी नाही. त्यांच्या आयांना रात्री झोप लागत नसेल, हे आपल्यातल्या प्रत्येक आईला कळेल.

आता शेतीचं वर्ष याच्या शेजारी ठेवून बघा. पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. तेव्हा मका पेरतात, त्याच सरीत तूर टोकतात. जानेवारी ते मार्च हे उपासाचे महिने. कणग्या रिकाम्या, नवं पीक उभं. एप्रिल-मेमध्ये मका येतो. मका हे पोट. त्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्सीमा, दोन्ही वेळा. तूर मात्र शेतात उभी राहते आणि जुलै ते सप्टेंबरात हाती येते. मका खायचा, तूर विकायची. आणि शाळेचं नवं वर्ष सुरू होतं सप्टेंबरात. म्हणजे घरात रोख पैसा येण्याची आणि मुलीच्या शाळेचे पैसे भरण्याची वेळ नेमकी एकच. आपल्याकडे जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदमच खिशाला हात घालतात. तिथे निदान तेवढी सोय आहे. पण तुरीला भाव मिळाला तर.

विल्यम काम्क्वाम्बा हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. त्याच्यावर पुस्तक आहे, २०१९ मध्ये चित्रपटही आला. कासुंगू जिल्ह्यातल्या विंबे गावचा हा मुलगा. २००१-०२ च्या दुष्काळात घरी फी भरायला पैसे नव्हते म्हणून माध्यमिक शाळा सुटली. गावातल्या प्राथमिक शाळेत दान म्हणून आलेल्या पुस्तकांचं एक छोटं वाचनालय होतं. तिथे बसून चित्रं बघत बघत त्यानं भंगारातून पवनचक्की उभी केली आणि घरात दिवा लावला. जगाला ती पवनचक्की लक्षात राहिली. मला हिशेब लिहिताना दुसरीच बाजू दिसते. एवढ्या हुशार मुलाची शाळा सुटली, ती एका हंगामात पीक गेलं म्हणून. असे किती असतील, ज्यांच्या गावात ते छोटं वाचनालयही नव्हतं?

आता २०१७ सालाकडे येते. ते वर्ष तुम्हाला सांगण्याची गरज नाही, तुम्ही ते जगला आहात. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी पुढे पाऊस चांगला झाला, भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली आणि पिकली ती अशी पिकली की ठेवायला जागा नाही. बोनससह हमीभाव ५०५० रुपये, आणि मोंढ्यात चार हजारसुद्धा मिळेनात. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. माझा भाऊ ट्रॅक्टरखाली चादर टाकून रांगेत झोपला होता. या सभागृहात अशी रांग लावलेले किमान दहा जण तरी बसले असतील.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये भारत सरकारनं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, वर्षाला दोन लाख टन. इथल्या शेतकऱ्याला वाचवायचं होतं, आणि माझा भाऊ त्या शेतकऱ्यांपैकीच. त्या निर्णयाला मी वाईट म्हणणार नाही. पण ऑगस्ट म्हणजे फालोंबेत तुरीची रास खळ्यावर असते. दरवर्षी सायकली आणि लहान ट्रक घेऊन येणारे व्यापारी त्या वर्षी आलेच नाहीत, आले त्यांनी विचारलेला भाव ऐकून बाया उठून गेल्या. एका आजीबाईंच्या घरात तुरीची तीन पोती भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिथे आजीला आगोगो म्हणतात. त्यांच्या मुलीचं आणि जावयाचं एड्समध्ये निधन झालेलं. नात आठवी पास होऊन माध्यमिकला निवडली गेलेली, गावातली त्या वर्षीची एकटी. आगोगोंनी मला विचारलं, की तुमच्या देशात लोकांनी नांदोलो खायचं सोडलं का? मी काय उत्तर देणार? त्यांना सांगितलं, की माझ्या भावाच्या घरातही अशीच पोती आहेत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पोत्यावर हात ठेवून त्यांनी माझ्या भावाला मुलं किती, ते विचारलं.

आमच्या संस्थेचं पाकीटही तेव्हा रिकामं झालं होतं, कारण आम्हाला पैसे देणारी बरीच मंडळी तुरीच्याच धंद्यातली. माध्यमिकमध्ये आधीपासून ३१ मुलं-मुली आमच्या मदतीवर शिकत होती. नव्या नऊ मुली निवडलेल्या. जमाखर्च माझ्यासमोर होता. पैसे दोन्हींना पुरत नव्हते. बैठकीत दोन मतं पडली. काही म्हणाले, सगळ्यांना थोडं थोडं वाटू. तिथले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, अर्ध्या फीवर मुलगी अर्धी शाळेत बसत नाही. सत्र संपायच्या आत तिला घरी पाठवतात. जिला घेतलं तिची चार वर्षं आपण पुरी करायची, ते जमत नसेल तर हात लावायचा नाही. मतदान झालं. आधीची ३१ ठेवायची आणि नव्यांतल्या दोघीच घ्यायच्या असं ठरलं. आगोगोंची नात त्या दोघींपैकी एक.

उरलेल्या सातजणींचं काय झालं, तेही माझ्या वहीत आहे. दोघींना नातेवाईकांनी शिकवलं. दोघी पुढच्या वर्षी परत आल्या, तेव्हा आम्ही त्यांना घेतलं. दोघी शेतावर राहिल्या. आणि एकीचं सोळाव्या वर्षी लग्न झालं. मलावीत २०१५ च्या कायद्यानं लग्नाचं वय अठरा झालंय. देडझा जिल्ह्याच्या प्रमुख थेरेसा काचिंदामोतो यांनी तर शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवलं, सगळ्या जगात त्यांचं नाव झालं. पण प्रत्येक खेड्यात काचिंदामोतो नसतात. ती मुलगी मला अजून बाजारात भेटते, पाठीवर मूल बांधलेलं असतं, हसून हात करते. तो ठराव बरोबर होता असं मी आजही म्हणेन. पण तिला बघितल्यावर मला त्या दिवशी घरी जेवण गोड लागत नाही.

त्या वर्षानंतर आमच्या कामाची तऱ्हा बदलली. नुसती फी भरत राहिलो तर दर वाईट हंगामाला हाच प्रसंग येणार, हे सगळ्यांना दिसलं होतं. घराच्या हातात रोकड टिकली, तरच शाळा टिकते. म्हणून बायकांच्या बचतीकडे वळलो.

ही रीत काही आमची नव्हे. १९९१ मध्ये नायजर देशात, मारादी भागात, केअर या संस्थेनं बायकांचे असे गट सुरू केले आणि तिथून ते आफ्रिकाभर पसरले. मलावीत लोकांनी त्याला स्वतःचं नाव दिलंय: बँकी म्खोंदे. म्खोंदे म्हणजे ओसरी. ओसरीवरची बँक! आपल्या बचत गटासारखीच, पण एक मोठा फरक. बाहेरच्या बँकेचा संबंध नाही. वीस-पंचवीस बाया दर आठवड्याला जमतात, ऐपतीप्रमाणे शेअर घेतात, पासबुकात शिक्का उमटतो. त्यातूनच एकमेकींना कर्ज, त्यावर व्याज. पैसे एका लोखंडी पेटीत. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायांकडे, आणि पेटी चौथीच्या घरी. चौघी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि उघडते ती सगळ्यांसमोर. वर्ष संपलं की सगळी रक्कम व्याजासह वाटून टाकायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी आयुष्यात अनेक हिशेबाच्या पद्धती पाहिल्या. लिहिता न येणाऱ्या बाईलाही तपासता येईल अशी ही एकच.

आमच्या संस्थेनं यात घातलं ते थोडंच. पेट्या दिल्या. वाटपाचा दिवस ऑगस्टअखेर ठेवा, म्हणजे शाळेच्या तोंडावर पैसे हातात येतील, असं सुचवलं. गटांत अडल्या-नडल्यासाठी एक वेगळी थैली असतेच, तिच्या शेजारी बायांनी आपणहून आणखी एक थैली सुरू केली, शाळेची. आणि आम्ही प्रत्येक गावाला एक वजनकाटा घेऊन दिला. हसू नका. दारावर येणारा व्यापारी आपला काटा आणतो, आणि तो काटा काय काय करू शकतो ते मोंढ्यात वाढलेल्यांना ठाऊक आहे. घरी आपल्या काट्यावर वजन करून मग विकायला लागल्यापासून भांडणं कमी झाली आणि पैसे वाढले. तीन पदरी हवाबंद पोती आणली, त्यात तूर कीड न लागता महिनोन्महिने राहते, म्हणजे पडत्या भावात विकावीच लागते असं नाही. वीस-पंचवीस बायांची तूर एकत्र आली की लिंबेच्या मिलला थेट विकता येते. या सगळ्याला आलेला खर्च सांगितला तर तुम्हाला खरं वाटणार नाही, इतका कमी आहे. आधी वाटतं तसं, दान मोठं असावं लागत नाही.

पण यानं सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी नावाचं चक्रीवादळ आलं. मुलांजे डोंगराचे कडे चिखल होऊन खाली आले. दक्षिण मलावीत मेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून हजाराहून जास्त. आमच्या पाचांपैकी दोन खेड्यांत घरंच्या घरं वाहून गेली. कापणीला आलेला मका गेला, उभी तूर गाळाखाली गेली. शाळांमध्ये निर्वासितांच्या छावण्या झाल्या, मग शाळा कुठे भरवणार?

तेव्हा एका गावात जे झालं ते सांगते. पाणी चढायला लागलं तेव्हा पेटी जिच्या घरी होती, त्या बाईनं एक मूल पाठीला बांधलं, दुसऱ्याचा हात धरला आणि पेटी डोक्यावर घेतली. किल्ल्यांपैकी एक वाहून गेली. दहा-बारा दिवसांनी गटातल्या बाया आंब्याखाली जमल्या आणि सगळ्यांदेखत एक कुलूप तोडलं. थैल्या मोजल्या. अडल्या-नडल्याची थैली त्याच दिवशी पिठासाठी वाटली. शाळेच्या थैलीलाही हात घालावा का, यावर चर्चा झाली. भूक होती, हे विसरू नका. त्यांनी ठरवलं की परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे पैसे आधी भरायचे आणि उरलं तर बाकीचं बघायचं. मी तिथे नव्हते, रस्ते बंद होते. मला हे नंतर पासबुकावरच्या नोंदींतून कळलं. त्या वर्षी त्या गावातलं एकही मूल फीसाठी परीक्षेला मुकलं नाही. आम्ही बाहेरून पैसे पाठवले, ते पोचले तीन आठवड्यांनी.

त्याच वर्षी नोव्हेंबरात क्वाचाचं मूल्य एकदम घटवलं गेलं. डॉलरला सुमारे ११८० क्वाचा होते, ते १७०० झाले. आम्ही चार वर्षांसाठी म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम पुरेनाशी झाली. पुन्हा गणित, पुन्हा फोनाफोनी. अजून निभतंय.

आगोगोंच्या नातीबद्दल तुम्ही विचाराल, म्हणून सांगते. ती माध्यमिक पास झाली. पुढे कॉलेजला जागा मिळाली नाही. आज ती गावातल्या प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून पहिलीच्या वर्गाला शिकवते आणि आजीच्या गटाचं पासबुक लिहिते. मानधन तुटपुंजं आहे. ती फार मोठी झाली असं सांगून मला टाळ्या घ्यायच्या नाहीत. तिच्या वर्गात शंभरावर मुलं आहेत, आणि त्यांना शिकवायला कुणीतरी आहे.

आता संध्याकाळच्या ठरावाबद्दल.

मित्रांनो, मदत म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण एकवीस-बावीस वर्षांचे असताना पाहिली. किल्लारीला आपल्यातले कित्येक जण ढिगारे उपसायला गेले होते. पहिल्या महिन्यात ट्रकच्या ट्रक आले, कपड्यांचे ढीग रस्त्यावर भिजत पडले. त्यांतलं किती कुणाच्या उपयोगी पडलं? आणि दुसरीकडे भारतीय जैन संघटनेच्या शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपातली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेली आणि ती शिकून होईपर्यंत त्यांची जबाबदारी घेतली. महिनाभराची मदत आणि वर्षानुवर्षांची मदत, यांतला फरक आपल्या डोळ्यांदेखत आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. द्यायचं असेल तर चार वर्षं द्या. रक्कम लहान चालेल. एका मुलीची चार वर्षं आपल्या तुकडीला जमत असतील तर एकच मुलगी घेऊ. उत्साहाच्या भरात यंदा दहा मुलींचे पैसे दिले आणि पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपच्या गटावर फक्त सुप्रभात उरलं, तर त्या दहाजणींना सांगायला मला जावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही.

दुसरी. सगळं मलावीला देऊ नका. निम्मं इथे ठेवा. दसरा झाला की आपल्याच भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मुलंही कोयत्यामागे जातात. शाळेच्या पटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. मागे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिली तरच ती शाळेत टिकतात. फालोंबेत मुलीची शाळा तुरीवर लटकलेली आहे, इथे उसावर. दोन्हीकडे इलाज सारखाच: शिक्षण आणि पोट वेगळ्या खात्यांवर लिहायचं नाही. आपल्या शाळेच्या आताच्या मुख्याध्यापकांकडून अशा मुलांची यादी मिळेल. ती आधी मागवू.

तिसरी. हिशेब. आपल्या निधीलाही तीन किल्ल्या असू द्या. तिघांच्या सह्यांशिवाय पैसे हलू नयेत, आणि त्या तिघांत मी नको. दर वर्षी मेळाव्यात पाच मिनिटं काढून जमाखर्च उभ्यानं वाचून दाखवायचा. गणिताच्या बाई पहिल्या रांगेत बसून ऐकणार असतील, तर एका रुपयाचीही चूक राहणार नाही याची मी हमी देते.

चिचेवात एक म्हण आहे: पांगोनो पांगोनो न्दी म्तोलो. थोडं थोडं करत मोळी होते. आपल्या थेंबे थेंबे तळे साचेची ही बहीण. तिथल्या बाया तुराट्यांची मोळी बांधून डोक्यावर घेऊन येतात, तेव्हा ही म्हण डोळ्यांना दिसते. मात्र त्यांना विचारलं तर त्या सांगतील, की मोळी नुसती गोळा करून भागत नाही, ती घरापर्यंत वाहून न्यावी लागते.

सर, बाई, तुम्ही आम्हाला पाचवीपासून दहावीपर्यंत वाहून नेलंत. त्यात मध्येच कुणाला खाली ठेवलं नाहीत. आम्ही चार वर्षांची एक छोटी मोळी उचलायची की नाही, ते संध्याकाळी साडेपाचला ठरवू. चहा त्याच वेळी आहे, तेव्हा गणसंख्या पुरी होईल अशी आशा आहे.